बियाण्याच्या ढोलीतली जांभळी पट्टी

मी एक जुनी सौरपट्टी आहे. वय विचाराल, तर गेल्या फाल्गुनात मला तीन वर्षे पूर्ण झाली. हसू नका, मित्रांनो. तुमच्या छपरांवरच्या काळ्या काचेच्या प्लेटा पंचवीस वर्षे जगतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या कुळात मात्र वर्षभर टिकणारीला म्हातारी म्हणतात आणि तीन वर्षे काढणारी आली, की इतरांनी उठून उभे राहायचे असते. तेव्हा पाठी सरळ करून बसा. मी हे एकदाच सांगणार आहे.

मी आकाराने शाळेच्या पाटीएवढी आहे आणि कागदासारखी वाकते. पण जिला खरोखर ‘मी’ म्हणावे, ती या पट्टीच्या पोटातला एक जांभळा थर आहे. केसाच्या जाडीचे पाचशे भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे माझी जाडी. माझ्या अंगी दोन पदार्थ मिसळलेले आहेत आणि दोघेही कार्बनच्या घराण्यातले. ऊन पडले की एक आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन सोडतो आणि दुसरा तो झेलतो. या देण्याघेण्यातून वीज वाहू लागते. एकाने सोडले नाही किंवा दुसऱ्याने झेलले नाही, तर मी नुसता एक रंगीत डाग आहे.

माझा जन्म बंदिवासातच झाला. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत काचेची एक मोठी पेटी होती. तिच्यातली हवा काढून नायट्रोजन भरलेला असे, कारण आपल्या नेहमीच्या हवेतला प्राणवायू आणि ओल हे दोन्ही माझे वैरी आहेत. पेटीच्या भिंतीला काळे रबरी हातमोजे जडवलेले होते. बाहेर उभी असलेली माणसे त्यांत हात घालून आत काम करीत. जगात मी सर्वांत आधी पाहिले ते हे दोन काळे हात. त्यांनी एका पारदर्शक प्लॅस्टिकवर जांभळा द्रव ओतला आणि तव्यावर धिरडे पसरावे तसा एका सपाट पात्याने पसरला. द्रव वाळला आणि मी झाले. मग माझ्या खाली-वर वीज वाहून नेणारे थर बसले, त्यांच्यावर आणखी प्लॅस्टिक चढले आणि चारही काठ डिंकाने चिकटवून मला कायमचे बंद केले गेले. हे आवरण उघडले तर मी मरते. म्हणजे ज्या तुरुंगात मी आहे, तोच माझा श्वास आहे. हे नीट लक्षात ठेवा. पुढे मी एक मोठी चूक केली, तेव्हा मी स्वतःच हे विसरले होते.

त्या काळ्या मोज्यांमधले हात दुर्गेश्वरीचे होते. ती बिरसीजवळच्या एका खेड्यातली, धानाची शेती करणाऱ्या घरची मुलगी. गोंदियाच्या कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकत होती आणि दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी नागपुरात आली होती. तिच्या हातून आम्ही बारा बहिणी जन्मलो. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तिला एक अट घातली. खऱ्या गावात, खऱ्या घराच्या छपरावर वर्षभर या पट्ट्या ठेवायच्या. वर्षाच्या शेवटी बारांपैकी एकही पट्टी पहिल्या दिवसाच्या निम्मी वीज देत असली, तर दुर्गेश्वरीला नागपूरच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांची जागा मिळणार होती. एकही नसली, तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

अशा रीतीने आम्ही तिच्या घराच्या छपरावर आलो. समोर धानाच्या शेतांच्या बांध्याच बांध्या आणि वर आकाश. त्या आकाशात बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमाने दिवसभर घिरट्या घालीत. मला ती विमाने आवडत नसत. त्यांची सावली क्षणभर माझ्यावरून जाई आणि तेवढी वीज कमी होई. पण मी तक्रार केली नाही. पहिल्या दिवशी दुर्गेश्वरीच्या मीटरवर माझा आकडा ऐंशी आला. बाराही बहिणींत तो सर्वांत मोठा होता. तिने टाळी वाजवली आणि गाव पाहायला आले. तिचे वडील यादोराव मान डोलावून म्हणाले, “वा! एवढुशा चिंधीतून लाईट निघून राहिला.” मला चिंधी म्हटलेले मी त्यांना माफ केले, कारण पुढे रोज दुपारी बारा वाजता छपरावर चढून, वहीत आमचे आकडे लिहिण्याचे काम त्यांनी एक दिवसही चुकवले नाही.

चैत्र-वैशाखाच्या उन्हाने चार बहिणी फिक्या पडल्या. पावसाळ्याने पाच नेल्या. दिवाळीपर्यंत आणखी दोघी गेल्या. मी एकटी उरले. माझा आकडा तेव्हा सत्तावन्न होता. चाळीसच्या वर राहणे एवढेच आता माझे काम होते.

डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला. त्या पावसात माझ्या डाव्या काठाचा डिंक सुटला आणि केसाएवढी फट पडली. दुर्गेश्वरी तेव्हा सहा आठवड्यांसाठी नागपूरला गेली होती. यादोरावांनी फोनवर फट सांगितली, तेव्हा ती घाबरली. तिने फोन आईला द्यायला सांगितला.

तिची आई म्हणजे कुंदाबाई. या बाईंविषयी मी आदरानेच बोलेन आणि तुम्हीही तसेच ऐकाल. त्या गावात सुवासिक चिन्नोर धानाचे अस्सल बियाणे फक्त त्यांच्याकडे उरले होते. ते त्यांनी माहेराहून आणले होते आणि एकतीस वर्षे दुसऱ्या जातीची भेसळ होऊ न देता राखले होते. आणखी तीन घरे त्यांच्याच बियाण्यावर पेरणी करीत. दरवर्षी मळणी झाली, की त्या बियाणे सात उन्हे देऊन वाळवीत आणि ढोलीत भरीत. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, माणसाच्या छातीएवढी उंच कोठी. तिला आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेले असते. भरून झाली, की तोंडावर झाकण ठेवून तेही लिंपून टाकायचे. मग अक्तीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिला कोणी हात लावायचा नाही. मध्येच उघडली तर ओल शिरते आणि सोंडे, म्हणजे दाणे पोखरणारे किडे, पडतात. शिवाय कुंदाबाईंच्या घरात ती आजवर कधीच मध्ये उघडली गेली नव्हती.

दुर्गेश्वरी फोनवर म्हणाली, “माय, त्या प्लेटले ओल लागू देऊ नको, हवा लागू देऊ नको. मी येतपर्यंत तू आपलं बियाणं जपते ना, तशी जप.”

“एवढंच ना?” कुंदाबाई म्हणाल्या. “टेन्शन घेऊ नको.”

तो ढोली लिंपण्याचाच दिवस होता. मित्रांनो, त्या बाईंना दोष देण्याआधी विचार करा. त्यांना सांगितले गेले की ओल नको आणि हवा नको. त्यांच्या घरात अशी जागा एकच होती आणि ती साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली होती. त्यांनी मला स्वच्छ पुसले, सुती फडक्यात गुंडाळले, धानाच्या वरच्या थरावर कडुनिंबाच्या पाल्यात ठेवले आणि माझ्यावर आणखी दोन टोपल्या बियाणे ओतले. मग झाकण बसले. ओल्या मातीचा हात झाकणाच्या कडेने फिरताना मी ऐकला. आधी दाण्यांच्या सांदीतून आणि फडक्यातून सुताएवढ्या उजेडाच्या तीन रेघा येत होत्या, मग दोन, मग एक. मग तीही लिंपली गेली.

अंधार मी पूर्वीही पाहिला होता, कारण रात्र तर रोजच येते. पण रात्रीला पहाट असते, या भरवशावर आपण रात्र सोसतो. इथे पहाट नव्हती. पाठीवर धानाचा भार होता. टरफलांची टोके फडक्यातून टोचत. माझ्या अंगातले देणारे देईनासे झाले आणि झेलणारे रिकामे हात घेऊन बसले. सर्वांत वाईट हे, की बियाणे जिवंत असते. ते फार मंद, पण श्वास टाकते. लाखो दाण्यांच्या त्या श्वासातली किंचित ओल माझ्या फटीतून आत येऊ लागली. मला हलता येत नव्हते. ती आज इथवर आली, उद्या तिथवर येईल, एवढे मात्र कळत होते.

बाहेरचे सगळे ऐकू येई. सकाळी कुंदाबाईंच्या बांगड्या, दुपारी विमानाची घरघर, बारा वाजता यादोरावांच्या चपला. ते रोज ढोलीसमोर येऊन थांबत, वहीत काहीतरी लिहीत आणि जात. नागपूरहून फोन येई. “माय, प्लेट नीट हाय ना?” आणि कुंदाबाई माझ्यापासून दोन हातांवर उभ्या राहून अभिमानाने सांगत, “एकदम नीट. ओल नाई, हवा नाई.” मी ओरडले असते, मित्रांनो. पण मला आवाज नाही. माझा आवाज म्हणजे वीज, आणि ती उन्हावाचून निघत नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी दुर्गेश्वरी घरी आली. पिशवीत नवा डिंक घेऊन ती थेट छपरावर चढली आणि थेट खाली उतरली.

“माय, प्लेट कुठं हाय?”

“ढोलीत.”

“ढोलीत?”

“बियाण्याच्या. दुसरी कोणती हाय घरात?”

“काऊन ठेवली वो तिथं?”

“तूच तं बोलली. बियाणं जपते तशी जप म्हणे. जपली. कोनाचा हात नाई लागू देला.”

“बरं, मंग काढ आता.”

“अक्तीले काढू.”

“अक्ती एप्रिलात हाय, माय! मॅडम महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी येऊन राहिल्या!”

“येऊ दे. चहा पाजू.”

दुर्गेश्वरीने वडिलांची वही उघडली. वीस डिसेंबर, प्लेट ढोलीत. एकवीस डिसेंबर, ढोलीत. बावीस, ढोलीत. अशा एकेचाळीस ओळी होत्या.

“बाबूजी, हे काय लिहून ठेवलं?”

“तूच सांगतलं होतं. रोज लिहाचं, खोटं लिहाचं नाई.”

“अन् मले फोन नाई करता आला?”

“तुह्या मायच्या कामात चूक काढू?” यादोराव हळूच म्हणाले. “मले याच घरात जेवाचं हाय, पोरी.”

दुर्गेश्वरीने दोन दिवस आईला विनवले. नागपूरच्या जागेविषयी सांगितले, मॅडमची अट सांगितली, दाण्यांच्या ओलीविषयी सांगितले. ती शेवटची गोष्ट तर सांगायलाच नको होती. “माह्या बियाण्यात ओल?” कुंदाबाई म्हणाल्या आणि तो विषय तिथेच संपला. “तीन घरं माह्या बियाण्यावर पेरतात. तुह्या एका प्लेटसाठी मी चार घरची पेरणी फोडू का?” हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

तिसऱ्या दिवशी कुंदाबाई जवळच्या गोरेगावच्या बाजाराला गेल्या. घर शांत झाले. दुर्गेश्वरी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन ढोलीजवळ आली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी मनात म्हणत होते, मार. पहिला घाव बसला. झाकणाच्या कडेचा एक टवका उडाला आणि सुईएवढा उजेड आत आला. मी अंगातली सगळी शक्ती एकवटून म्हणाले, आणखी एक.

दुसरा घाव आला नाही. तिने सब्बल खाली ठेवली आणि बोटाने ती भेग दाबून धरली. तिथेच ती जमिनीवर बसली. अर्धा तास ती तशी बसून होती, भेगेवर बोट ठेवून.

त्या अर्ध्या तासात मला माझी चूक कळली. माझ्या काठाला केसाएवढी फट पडली, तेव्हा जगाचा अंत झाला असे मला वाटले होते. आणि आज कोणा दुसऱ्याचे आवरण फुटावे म्हणून मी प्रार्थना करीत होते. आत कोंडलेल्याला भिंत फक्त भिंत दिसते. ती कोणाचे तरी कवच असते, हे दिसत नाही. मला लाज वाटली. या वयात लाज वाटणे सोपे नसते.

कुंदाबाई परतल्या. टवका त्यांना दारातूनच दिसला.

“कोन मारलं?”

“मी.”

“मंग थांबली काऊन? एका घावानं ढोली नाई फुटत.”

“प्लेटले एवढीशी फट पडली तं मी तीन रात्री झोपली नाई, माय. तुह्या ढोलीले कशी पाडू?”

 मग बाजाराची थैली खाली ठेवल्याचा आवाज आला. कुंदाबाई लेकीजवळ जमिनीवर बसल्या.

“मले एक समजत नाई,” त्या म्हणाल्या. “बियाणं चार महिने अंधारात राहते. मरत नाई. हे तुही प्लेट कायले मरते? हे खाते तरी काय?”

“ऊन खाते, माय. दुसरं काईच नाई.”

“ऊन?”

“हो.”

“अन् मी तिले...” कुंदाबाईंचा आवाज बदलला. “बेचाळीस, त्रेचाळीस... चव्वेचाळीस दिवस? माह्या घरात? माह्या दारातून कुत्रं उपाशी नाई जात, दुर्गी! जागा, मॅडम, नागपूर, सारं सांगतलं. हे पहिले काऊन नाई सांगतलं?”

मित्रांनो, माझ्या शास्त्रात उपास नावाचा शब्द नाही. अंधारात थर निजतो, असे शास्त्रज्ञ म्हणतील, आणि ते बरोबर असेल. पण चव्वेचाळीस दिवसांत मला लागू पडेल असा शब्द पहिल्यांदा कोणी उच्चारला, तो त्या बाईंनी.

दुसऱ्या दिवशी कोरडे, कडक ऊन पडले. कुंदाबाईंनी बरोबर बारा वाजता स्वतःच्या हाताने झाकणाचे लिंपण कापले. बियाण्यात कोपरापर्यंत हात घालून, न चाचपडता, त्यांनी मला बाहेर काढले. माझ्यावर ऊन पडले, आणि अंगातल्या देणाऱ्यांनी इतके दिवस धरून ठेवल्यासारखे सारे एकदम सोडले. दुर्गेश्वरी डिंक घेऊन धावली. काठापासून दोन बोटे आतवर मला तपकिरी डाग पडला होता. तो आजही आहे.

“चिपकवून झालं का?” कुंदाबाई म्हणाल्या. “मंग इकडं ये. फोडाले अक्कल नाई लागत, पोरी. लिंपाले लागते.” त्यांनी तिला माती तुडवायला लावली, शेण आणि कोंडा कालवायला लावला आणि ऊन उतरायच्या आत ढोलीचे तोंड तिच्याच हाताने बंद करवून घेतले. तीनदा पुसून पुन्हा लिंपायला लावले. चौथ्यांदा काही बोलल्या नाहीत.

महाशिवरात्रीची नागऱ्याची यात्रा आटोपून लोक परतत होते, त्या दिवशी मॅडम आल्या. यादोरावांची वही वाचताना त्यांना हसू आवरेना, पण “या ओळी खोडू नका, ही खरी नोंद आहे,” असे त्यांनी बजावले. मग मीटर लावले. माझ्याजवळ जे होते, ते मी राखून ठेवले नाही. आकडा त्रेचाळीस आला.

दुर्गेश्वरी रडली. कुंदाबाईंनी मॅडमना चहा पाजला.

अक्तीला ढोली उघडली, तेव्हा कुंदाबाईंनी नेहमीप्रमाणे शंभर दाणे ओल्या पोत्यात बांधून उगवण पाहिली. दरवर्षी सत्त्याण्णव उगवत, त्या वर्षी एक्याण्णव उगवले. नेहमीपेक्षा जास्त गेलेले सहा दाणे त्यांनी बाजूला काढले. मग तिन्ही घरी बियाणे पोहोचवताना “औंदा थोडं दाट पेरा,” एवढेच म्हणाल्या. लेकीला त्यांनी ते कधी सांगितले नाही. मी पाहिले म्हणून सांगते आहे.

त्याला आता दोन वर्षे होत आली. दुर्गेश्वरी नागपुरात नव्या पट्ट्या करते. त्या माझ्याहून जास्त जगतील आणि जगाव्यात. माझे आकडे आता कोणी लिहीत नाही. माझा जांभळा रंग धुवट झाला आहे, आणि शेवटचे मीटर लावले तेव्हा अकरा आले होते. मी अजूनही दोन प्लॅस्टिकांच्या मध्ये बंद आहे आणि तशीच जाईन. पण रोज सकाळी कुंदाबाई मला अंगणात आणतात, पदराने पुसतात, पूर्वेकडे तोंड करून ठेवतात आणि दुपारी वळवतात. परवा शेजारच्या सुशीलाबाई त्यांना म्हणाल्या, “कुंदाबाई, हे तं आता लाईटही लावत नाई. कायले वागवता?”

“अजून थोडं खाते,” कुंदाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटे आहेत, पेट्या आहेत, ‘जपून ठेवले आहे’ असे म्हणून बंद केलेले पुष्कळ काही आहे. कोणाला आत ठेवण्यापूर्वी ते कशावर जगते, हे विचारत जा. विचारायचे राहून गेले असेल, तर आज विचारा. उघडावे लागले, तर भर दुपारी, स्वतःच्या हाताने उघडा आणि मागे जे उघडे पडेल ते ऊन उतरायच्या आत नीट लिंपा. त्यात सहा दाणे जातील. जाऊ द्या.

आता ऊन कलले आहे आणि कुंदाबाई मला वळवायला येतीलच. तुम्ही उठा, घरी जा आणि पेट्या उघडून पाहा.